गायक नसलेली गाणी: साठच्या दशकातल्या गिटारला तो आवाज कुठून आला?

आजचा भाग शक्यतो हेडफोन लावून ऐका. आणि ऐकण्याऐवजी इथे वाचत असाल, तर मध्येमध्ये थांबून ज्या धूनचं नाव येईल ती शोधून ऐका. प्रत्येक धून दोन-तीन मिनिटांचीच आहे, फार वेळ जाणार नाही.

फोनवर गिटारचं एखादं अ‍ॅप कधी उघडून पाहिलंय? त्यात छोटी छोटी बटणं असतात. 'टेप एको', 'स्प्रिंग रिव्हर्ब', 'सर्फ'. बटण दाबलं की साधा टिंग टिंग आवाज एकदम मोठ्या हॉलमध्ये पोचल्यासारखा वाटतो. मी कितीतरी दिवस ती बटणं नुसती दाबत होतो. टेप कसली, स्प्रिंग कुठली, हा प्रश्नच पडला नव्हता. मग एकदा शोधायला बसलो आणि कळलं की एकेकाळी खरोखरची टेप होती, खरोखरची स्प्रिंग होती. एका गाण्यात तर खरोखरची पाण्याची टाकी होती!

आजची गोष्ट या बटणांच्या मागच्या माणसांची. काळ साधारण १९५८ ते १९६५. जागा आधी अमेरिका, मग इंग्लंड. आणि विषय आहे ते रॉक बँड, ज्यांच्यात गायकच नसायचा.

आता विचार करा. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजतो तेव्हाही गाणारा कुणी नसतो. पण गाणं आपल्याला आधीच पाठ असतं, त्यामुळे शब्द आपोआप ओठांवर येतात. या बँडची अडचण वेगळी होती. त्यांच्या बहुतेक धूनना मुळात शब्दच नव्हते. गायकाचा गळा ऐकला की आपण अर्ध्या सेकंदात ओळखतो, हा किशोर, ही लता. त्या गळ्यात पोत असतो, श्वास असतो, थरथर असते. हे सगळं आता गिटारकडून काढून घ्यायचं होतं. आणि नुसत्या गिटारकडून ते निघत नव्हतं.

अर्धं वाद्य

आधी यंत्र थोडक्यात समजून घेऊ. इलेक्ट्रिक गिटारची तार लोखंडी असते. तिच्याखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे पिकअप. तार हलली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज तयार होते. ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते आणि स्पीकरचा कागदी कोन हलवते. आपण ऐकतो तो आवाज त्या कागदाचा. अ‍ॅम्पशिवाय ही गिटार वाजवली तर शेजारच्या खोलीतही नीट ऐकू येणार नाही. म्हणजे गिटार हे अर्धं वाद्य, उरलेलं अर्धं अ‍ॅम्प.

त्या काळच्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह असायचे. आजोबांच्या जुन्या रेडिओत मंद नारिंगी उजेड देणाऱ्या काचेच्या नळ्या असायच्या ना, त्याच. या व्हॉल्व्हची एक गंमत आहे. त्यांना झेपेल तेवढाच आवाज दिला तर ते तो स्वच्छ मोठा करतात. त्याहून जास्त दिला तर आवाजाच्या लाटांचे शेंडे चेपले जातात आणि आवाज खरखरीत, भरदार होतो. इंजिनिअरच्या भाषेत हा दोष. वादकांना मात्र तो हळूहळू आवडायला लागला.

रेडिओचं नाव घेतलंच आहे, तर या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र आत्ताच भेटवतो. लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ मध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकानात वादक अ‍ॅम्प दुरुस्तीला आणायचे, तक्रारी सांगायचे. त्यातून तो स्वतःच अ‍ॅम्प आणि गिटारी बनवायला लागला. १९५४ मध्ये त्याची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली, तीच दोन शिंगांची गिटार जी आज प्रत्येक पोस्टरवर दिसते. आणि लिओला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्यामुळे वादक काय म्हणतोय ते ऐकून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फाटलेला स्पीकर

१९५८. लिंक रे नावाचा वादक. लष्करात असताना त्याला क्षयरोग झाला, एक फुप्फुस काढावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता गाणं विसर. गाता येत नाही म्हटल्यावर त्याने सगळा जोर गिटारवर लावला.

एका नाचाच्या कार्यक्रमात त्याने एक संथ, दमदार धून वाजवली. लोक वेडे झाले, पुन्हा पुन्हा तीच मागायला लागले. पण स्टुडिओत रेकॉर्ड करायला बसला तर आवाज फारच स्वच्छ, गुळगुळीत येत होता. हॉलमध्ये जो रासवटपणा होता तो गायब. मग त्याने काय केलं? पेन्सिल घेतली आणि अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली.

आपण म्हणतो ना, 'अरे आवाज कमी कर, स्पीकर फाटतोय'? लिंक रेने तो मुद्दाम फाडला. धूनचं नाव 'रंबल'. अमेरिकेत टोळक्यांच्या रस्त्यावरच्या मारामारीला त्या काळी रंबल म्हणायचे. हे ऐकून पोरं मारामाऱ्या करतील या भीतीने काही रेडिओ स्टेशनांनी ती लावायला नकार दिला. एकही शब्द नसलेल्या गाण्यावर बंदी! म्हणजे तो फाटका आवाज काय म्हणतोय हे स्टेशनवाल्यांना शब्दांशिवाय कळलं होतं.

टाकीतला आवाज

त्याच वर्षी अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात ड्युएन एडी हा वादक आणि ली हेझलवूड हा निर्माता वेगळ्याच पेचात होते. एडी जाड तारांवर, खालच्या पट्टीत धून वाजवायचा. आवाज छान घुमला पाहिजे, असं हेझलवूडला वाटत होतं. मोठ्या स्टुडिओंकडे त्यासाठी प्रतिध्वनीची खास खोली असायची. फिनिक्सच्या स्टुडिओकडे तशी खोली नव्हती.

म्हणून त्यांनी पाण्याची एक मोठी रिकामी टाकी आणली. दोन हजार गॅलनची, म्हणजे साधारण साडेसात हजार लिटरची. ती आत मावेना, म्हणून बाहेरच ठेवली. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. गिटारचा आवाज टाकीत सोडायचा, भिंतींवर आपटून परत आलेला आवाज माइकने उचलायचा. रेकॉर्डिंगच्या आधी टाकीवर बसलेले पक्षी हाकलावे लागायचे, नाहीतर चिवचिवाट थेट गाण्यात! 'रेबेल राउझर' ही धून ऐका. गिटार लांबवर उभी राहून बोलतेय असं वाटतं. ते अंतर त्या टाकीने दिलंय.

लाल गिटार आणि फिरणारी टेप

आता समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये जाऊ. महायुद्धानंतर देशाकडे डॉलर कमी, म्हणून १९५१ ते १९५९ या काळात अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. तिथल्या पोरांनी फेंडरची गिटार पाहिली होती ती रेकॉर्डच्या वेष्टनावर.

क्लिफ रिचर्ड हा तेव्हाचा तरुण स्टार गायक. (जन्म लखनौचा बरं का, १९४० चा.) त्याच्यामागे साथीला वाजवणारा बँड म्हणजे शॅडोज, आणि त्यातला मुख्य गिटारवादक चष्मेवाला हँक मार्व्हिन. हँकला अमेरिकेच्या जेम्स बर्टनसारखी गिटार हवी होती. बर्टन फेंडर वाजवतो एवढंच यांना ठाऊक. कॅटलॉग मागवला, त्यातली सगळ्यात महाग गिटार निवडली. एवढा मोठा वादक महागातलीच वाजवत असणार, हा हिशोब! १९५९ मध्ये क्लिफने ती मागवली. पेटी उघडली तर आत सोनेरी खटक्यांची लालभडक स्ट्रॅटोकास्टर. बर्टन प्रत्यक्षात टेलिकास्टर वाजवायचा, हे नंतर कळलं. चुकून आलेल्या त्या गिटारला एक दांडी होती. ती हलकेच दाबली-सोडली की सूर थरथरतो. गायकाच्या गळ्यातली थरथर अशी हाताशी आली.

दुसरी वस्तू मिळाली तीही अशीच. जो ब्राउन या वादक मित्राकडे मेआत्सी या इटालियन कंपनीचं एको यंत्र पडून होतं, त्याचं काही त्याच्याशी जमलं नाही, त्याने ते हँकला देऊन टाकलं. यंत्रात चुंबकी टेपचं एक कडं गोल फिरत राहतं. एक हेड गिटारचा आवाज टेपवर नोंदवतं, पुढची काही हेड तोच आवाज क्षणभराने पुन्हा वाजवतात. मग टेप पुसली जाते आणि पुन्हा तेच. एकदा छेडलेला सूर लगेच दोनतीनदा परत येतो, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हलका. हँकने हे परत येणारे सूर लयीतच धरायला सुरुवात केली. म्हणजे दोन सुरांमधली मोकळी जागाही वाजायला लागली.

तिसरी वस्तू अ‍ॅम्प. केंट परगण्यातल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्जची कंपनी होती, तिच्यासाठी डिक डेनी याने व्हॉक्स एसी-१५ हा अ‍ॅम्प बनवला होता. पंधरा वॅटचा, चमकदार, थोडा खणखणीत आवाजाचा.

जून १९६० मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत हे तिन्ही एकत्र आलं. धून जेरी लॉर्डन याची, त्याने ती शॅडोजना दौऱ्याच्या बसमध्ये उकुलेलेवर वाजवून दाखवली होती. नाव 'अपाची'. सुरुवातीला जो ढोल ऐकू येतो तो खुद्द क्लिफने वाजवलाय. ऑगस्टमध्ये ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली आणि पाच आठवडे तिथेच राहिली. आणि तिने खाली कुणाला ढकललं? क्लिफ रिचर्डच्याच गाण्याला! गायकाच्या मागे उभे राहणारे गायकाच्या पुढे निघाले.

पण यश आलं तशी नवी अडचण आली. कार्यक्रमात मुली एवढ्या किंचाळायच्या की पंधरा वॅटचा अ‍ॅम्प स्टेजवरच्यांनाच ऐकू येईना. शॅडोजनी मोठा अ‍ॅम्प मागितला. डेनीने पंधराचे तीस वॅट केले, पेटीत बारा इंची दोन स्पीकर बसवले. तो व्हॉक्स एसी-३०. आज अ‍ॅम्पच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये हिऱ्याच्या आकाराची नक्षी असलेलं जे चित्र दिसतं, ते बहुतेक वेळा याचंच असतं.

जळणारे अ‍ॅम्प

आता परत कॅलिफोर्निया, परत लिओ फेंडर. इथे बाल्बोआ गावात समुद्रकाठी रॉन्देव्हू नावाचा नाचाचा प्रचंड हॉल होता. तिथे डिक डेल वाजवायचा. वडील लेबनीज. डावखुरा, आणि उजव्या हाताची गिटार नुसती उलटी करून धरायचा, तारा न बदलता. तारा इतरांपेक्षा कितीतरी जाड. वर्षातले दिवस समुद्रावर लाटांशी खेळण्यात जायचे, आणि त्याला लाटेचा तो दणका गिटारमध्ये हवा होता.

लिओ त्याला अ‍ॅम्प द्यायचा, डेल तो वाजवून जाळून टाकायचा. डेल सांगायचा की असे जवळजवळ पन्नास अ‍ॅम्प गेले. कारखान्यातल्या शांत खोलीत लिओला कळेना की या माणसाला एवढा आवाज कशाला हवा. शेवटी तो आणि त्याचा सहकारी फ्रेडी टवारेस स्वतः हॉलमध्ये जाऊन गर्दीत उभे राहिले. हजारो माणसं नाचताहेत. त्यांच्या अंगांमध्येच गिटारचा खर्जातला आवाज शोषला जातोय. तेव्हा कुठे उलगडा झाला.

परत आल्यावर कामाला लागले. नवा, कितीतरी मोठा ट्रान्सफॉर्मर बनवला, पंच्याऐंशी वॅट देणारा. पंधरा इंची खास स्पीकर बसवले. त्यातून 'शोमन' आणि मग 'ड्युअल शोमन' हे अ‍ॅम्प आले. लिंक रेला आवाज फाटायला हवा होता, डेलला उलट हवं होतं. कितीही मोठा केला तरी आवाज फाटता कामा नये.

आणि ती स्प्रिंग? फेंडरने १९६१ मध्ये रिव्हर्बची वेगळी पेटी काढली. कल्पना हॅमंड ऑर्गनमधून आलेली. पेटीत ताणलेल्या स्प्रिंगा असतात. एका टोकाने गिटारचा आवाज स्प्रिंगला हलवतो, ती लाट स्प्रिंगमधून धावते, आपटून परत येते, आणि दुसऱ्या टोकाचा पिकअप ती उचलतो. पेटीला लाथ मारली तर ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. डेलला ही पेटी आधी हवी होती ती स्वतःच्या गाण्यासाठी, कारण त्याच्या गळ्यात थरथर नव्हती. नंतर ती गिटारला लागली, आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या पोरांनी उचलली. शाळकरी मुलांचा बँड होता शँटेज, त्यांची 'पाइपलाइन' ही धून १९६३ मध्ये गाजली. ती ऐका. गिटार चक्क ओली वाटते.

आणि डेलची 'मिसिर्लू', १९६२ ची. ही तुम्ही ऐकलीच आहे, खात्रीने सांगतो. 'पल्प फिक्शन' सिनेमाच्या सुरुवातीला आहे, आणि ब्लॅक आइड पीजच्या 'पंप इट' मध्येही तीच आहे. मूळ धून पूर्व भूमध्य समुद्राकडची, डेलने लहानपणी घरच्या अरबी संगीतात ऐकलेली. एका मुलाने विचारलं, एका तारेवर अख्खी धून वाजवशील? डेलने ती एका तारेवर आणि भन्नाट वेगाने वाजवली.

शब्द नाहीत, म्हणून भाषांतरही नको

व्हेंचर्स हा बँड अमेरिकेच्या वायव्य टोकाला, टकोमा शहरातला. डॉन विल्सन आणि बॉब बोगल बांधकामावर गवंडीकाम करायचे. कुठल्याही कंपनीने दार उघडलं नाही, तेव्हा विल्सनच्या आईने रेकॉर्ड कंपनीच काढली. १९६० मध्ये त्यांची 'वॉक, डोन्ट रन' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेली. पुढे ते जपानला गेले, आणि १९६५ मध्ये तिथे असं वेड पसरलं की गल्लोगल्ली पोरांच्या हातात इलेक्ट्रिक गिटारी आल्या. काही शाळांनी तर त्यांच्यावर बंदी घातली. इंग्रजी न येणाऱ्या पोराला या गाण्यात परकं वाटण्यासारखं काही नव्हतंच. समजून घ्यायला शब्द होते कुठे?

हीच हवा मुंबईपर्यंतही आली होती. १९६५ च्या 'गुमनाम' मधलं रफीसाहेबांचं 'जान पहचान हो' लावा. पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज हा बँड दिसतो. शब्द सोडून द्या आणि फक्त गिटारकडे कान द्या. ती कुठल्या घराण्याची आहे ते आता तुम्हाला ओळखता येईल.

मग गायक परत आले

१९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत पोचले आणि रेडिओवर पुन्हा गळ्यांचं राज्य आलं. बिनशब्दांच्या धून मागे पडल्या. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरने आजारपणाला कंटाळून आपली कंपनी सीबीएसला विकली.

पण बीटल्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगपैकी एक, १९६१ मधलं, बिनशब्दांचंच होतं. नाव 'क्राय फॉर अ शॅडो'. कुणाच्या सावलीतून आलो हे नावातच सांगितलंय. आणि १९६२ पासून ते वाजवत होते तो अ‍ॅम्प कुठला? हँक मार्व्हिनसाठी मोठा केलेला तोच व्हॉक्स एसी-३०. गायक परत आले ते याच वादकांनी आणि मेकॅनिकांनी तयार करून ठेवलेल्या आवाजावर उभे राहून.

मला या सगळ्यात राहून राहून एक चित्र दिसतं. नाचणाऱ्या गर्दीत उभा असलेला, गिटार न येणारा एक रेडिओ मेकॅनिक, आणि समोर स्टेजवर जीव तोडून वाजवणारा डेल. एकाला वाजवता येत नाही, दुसऱ्याला सर्किट कळत नाही. मेकॅनिक कारखान्यातून उठून तिथे गेला, कान देऊन उभा राहिला, म्हणून तो आवाज जन्माला आला. आज आपल्या अ‍ॅपमध्ये ते सगळं एका बटणात मिळतं, फुकट मिळतं, आणि त्यात वाईट काहीच नाही. फक्त ते बटण बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक अडचण होती. तुमची अडचण वेगळी असेल. तुमच्या खोलीत, तुमच्या गर्दीत काय कमी पडतंय, हे ओळखायचं काम बटण करत नाही.

म्हणून आजचा गृहपाठ. आज रात्री तीन धून ओळीने ऐका: 'रंबल', 'अपाची' आणि 'मिसिर्लू'. पहिल्यात फाटलेला कागद ऐका, दुसऱ्यात फिरणारी टेप, तिसऱ्यात जळायला आलेला अ‍ॅम्प. आणि मग सांगा, गायकाची आठवण झाली का?

भेटूया पुढच्या भागात. तोवर कान उघडे ठेवा, आणि आवाज जरा बेतानेच, शेजारी झोपलेत!